हेडिंग सेंटरला घ्या

आमच्या विद्यापीठाने प्रबंध कसा असावा याचं एक माहितीपत्रक काढलं आहे. त्यात संशोधनाबद्दल एक वाक्य आहे : 'संशोधन मौलिक असावे.' हेडिंगांबद्दल दीड पान आहे. प्रकरणाचं हेडिंग १६ पॉइंट, ठळक, सगळी अक्षरं कॅपिटल, मध्यभागी. विभागाचं १४ पॉइंट, ठळक, डावीकडे. उपविभागाचं १२ पॉइंट, तेही ठळक, तेही डावीकडे. त्याच्या खालच्या उप-उपविभागाने तिरकं व्हायला हरकत नाही, पण मग ठळक व्हायचं नाही. अक्षर टाइम्स न्यू रोमन. ओळींत दीडपट अंतर. समास डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक-एक इंच. मौलिक म्हणजे किती पॉइंट, हे मात्र कुठेही दिलेलं नाही.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सोलापूरहून तिथे जायला पहाटेची गाडी धरावी लागते आणि डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी लागते, एवढं पुरे.

माझा विषय संख्याशास्त्राचा. यंत्रमागावरचा ताणा कधी तुटेल, याची संभाव्यता. सोलापुरात राहून यापेक्षा घराजवळचा विषय मिळणं कठीण. आकडेवारी गोळा करायला मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्या-कारखान्यांतून वही घेऊन उभा राहायचो. एका कारखानदाराने शेवटी न राहवून विचारलं, "सर, नेमकं काय हुडकलालाव?" मी सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, "धागा तुटायचा तेव्हा तुटतोय की. त्याला डॉक्टर कशाला?" माझ्या प्रबंधाच्या मजकुरावर आजवर झालेली ही सर्वांत सखोल चर्चा. बाकी सगळी चर्चा हेडिंगांची.

प्रबंधात सूत्रं भरपूर, म्हणून सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "वर्डमध्ये आणू नका. लॅटेकमध्ये आणा." लॅटेक ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या पत्रिकेतल्या गुरूचे आभार मानावेत. हा अक्षरजुळणीचा संगणक-प्रोग्राम. यात लिहिताना पडद्यावर पान दिसत नाही, आज्ञा दिसतात. 'बॅकस्लॅश सेक्शन' असं लिहायचं आणि महिरपी कंसात विभागाचं नाव द्यायचं. ते किती मोठं छापायचं, किती ठळक, वर किती जागा सोडायची, क्रमांक कोणता, अनुक्रमणिकेत कुठे टाकायचं, हे सगळं ते आपलं आपण ठरवतं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लॅटेक बनवलं ते याच बोलीवर : लेखकाने मजकुराचं बघावं, पान कसं दिसेल याची उठाठेव करू नये. मला हे लगेच पटलं, कारण चादरीच्या कारखान्यात मी हेच पाहिलं होतं. जकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवलेली असते. नक्षी त्या भोकांत. विणकराने सूत पुरवायचं. मोर काढायचा की कमळ, ते पुठ्ठे बघतात. माळ बदलली की त्याच सुतातून दुसरी चादर. लॅटेकमधली ही माळ म्हणजे 'क्लास फाइल'.

गोची एवढीच झाली की मी सूत पुरवत होतो आणि विद्यापीठ नुसते पुठ्ठे तपासत होतं.

मुळात या सगळ्याची सुरुवातच दिसण्यावरून झालेल्या चिडचिडीतून झाली आहे. लॅटेक ज्याच्या खांद्यावर उभं आहे ते 'टेक' डोनाल्ड क्नूथ यांचं. १९७७ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हातात आली. जुनी आवृत्ती मोनोटाइपवर, शिशाच्या अक्षरांत जुळवलेली होती. नवी प्रुफं फोटोटाइपसेटिंगची. ती बघून क्नूथ इतके खट्टू झाले की अक्षरजुळणीचा प्रोग्राम स्वतःच लिहायचा त्यांनी चंग बांधला. रजेच्या वर्षात उरकेल असा त्यांचा अंदाज होता. पुरं १९८० चं दशक गेलं. म्हणजे पान वाईट दिसतंय या एका कारणावरून जगातल्या एका थोर संगणकतज्ज्ञाने दहाएक वर्षं घातली, आणि त्या कामावर उभं राहून आम्हाला सांगण्यात आलं की बाबांनो, पान कसं दिसतंय याची काळजी करू नका.

क्नूथ यांची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. टेकचा आवृत्ती क्रमांक 'पाय' या संख्येकडे एकेक अंकाने सरकत जातो. सध्या तो ३.१४१५९२६५३ वर आहे, आणि आपल्या पश्चात तो 'पाय' करून पुढचे सगळे बदल बंद करावेत, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. आमचं माहितीपत्रकही दर वर्षी बदलतं, पण ते कशाकडेही अभिसरण पावत नाही.

असो. मुळातलं लॅटेक नवं प्रकरण सुरू करतं ते मोठ्या इतमामाने. आधी वर ५० पॉइंट मोकळी जागा. मग 'चॅप्टर १' अशी ओळ. मग २० पॉइंट जागा. मग प्रकरणाचं नाव. मग आणखी ४० पॉइंट जागा, आणि मग मजकूर. मजकूर १२ पॉइंटात असेल तर ही दोन्ही नावं जवळपास २५ पॉइंटांची येतात. पहिलं प्रकरण मी असंच, मुळाबरहुकूम, सरांना पाठवलं. रात्री फोन आला.

"वाचलं. वर एवढी जागा का सोडलीय? काही चिकटवायचंय का तिथे?"

"नाही सर, ते लॅटेकच सोडतं. बाकी कसं वाटलं?"

"बाकीचं बघू. आधी ती जागा काढा."

अशा वेळी कुठलाही संशोधक विद्यार्थी करतो तेच मी केलं. सीनियरची क्लास फाइल मागितली. या फाइलींची एक वेगळीच परंपरा असते. त्या कुणी लिहिलेल्या नसतात, त्या मिळालेल्या असतात. आमची फाइल सरांच्या चार-पाच पिढ्यांतून उतरलेली होती. तिचं नाव 'थिसिस-फायनल-खरी-फायनल'. लॅटेकमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे लिहिलेलं छापलं जात नाही, ती आपल्या आपल्यात बोलायची जागा. तिथे पूर्वसूरींनी लिहून ठेवलं होतं : 'हे काढू नका.' त्याच्या खाली, बहुधा पुढच्या पिढीचं : 'काढून बघितलं. परत घातलं.' आणखी खाली एकाकी एक ओळ : 'याचं कारण विचारू नका.' एके ठिकाणी तर नुसतंच 'सॉरी' होतं.

या फाइलीत विभागांची हेडिंगं 'स्टार्टसेक्शन' नावाच्या आतल्या आज्ञेने बांधलेली होती. तिला सहा गोष्टी सांगाव्या लागतात : नाव, पातळी, डावीकडून किती आत, वर किती जागा, खाली किती जागा आणि अक्षराचा थाट. वरच्या जागेचा आकडा बघून माझ्यातला संख्याशास्त्राचा मास्तर जागा झाला. उणे साडेतीन एक्स. ('एक्स' हे माप आहे, त्या अक्षराच्या उंचीएवढं.) वरती उणे जागा? म्हणजे हेडिंग मागच्या परिच्छेदात घुसायला हवं. पण छापल्यावर वर व्यवस्थित साडेतीन एक्स मोकळी जागा. कारण इथे उणे म्हणजे वजा नव्हे. उणे ही खूण आहे : हेडिंगाखालच्या पहिल्या परिच्छेदाची सुरुवात आत सरकवू नकोस. जागा मात्र साडेतीनच सोड. बरं, हाच नियम खालच्या जागेला लावावा, तर तिथे उण्याचा अर्थ तिसराच : हेडिंगाखाली ओळ तोडूच नकोस, पुढचा मजकूर त्याच ओळीत सुरू कर. एकच वजाबाकीचं चिन्ह, दोन घरांत दोन धंदे, आणि वजाबाकी एकाही घरात नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी चिन्हाच्या चुकीला अर्धा गुण कापतो. पुढच्या परीक्षेत कापताना हात थोडा थांबला.

याच फाइलीवर दिवसपाळी आणि रात्रपाळी करावी की नवीन रस्ता धरावा, असा प्रश्न होता. एप्रिल लागला होता. सोलापूरचा एप्रिल : पारा चाळिशीच्या वर, पंखा गरम वारा अंगावर ढकलतोय, लॅपटॉप मांडीवर घ्यायची सोय नाही. नवीन रस्ता धरला. त्याचं नाव 'टायटलसेक'. हाविएर बेझोस यांनी केलेलं हे पॅकेज, म्हणजे लॅटेकला लावायची तयार जोड, हेडिंगं सजवण्यासाठीच आहे, आणि ज्याला मामलेदार कचेरीत अर्ज भरायची सवय आहे त्याला ते जड जात नाही. 'टायटलफॉरमॅट' या आज्ञेला सात रकाने आहेत, त्यांतले दोन ऐच्छिक. कुठलं हेडिंग, त्याचा आकार कोणता, अक्षर कसं, क्रमांकाची पाटी कशी, पाटी आणि नाव यांत अंतर किती, नावाच्या आधी काही करायचं का, नंतर काही करायचं का. सक्तीच्या रकान्यात लिहिण्याजोगं काही नसलं तरी रिकामा महिरपी कंस द्यावाच लागतो. म्हणजे 'निरंक'. तो दिला नाही की लॅटेक पुढच्या ओळीतलं पहिलं अक्षर किंवा पहिली आज्ञा उचलून त्या रकान्यात कोंबतं आणि मग बरंच पुढे, ज्याचा काही संबंध नाही अशा ओळीवर, ओरडतं.

आकारांची यादी तर वाचतच राहावी अशी आहे. हँग, ब्लॉक, डिस्प्ले, रनइन, फ्रेम, ड्रॉप, रॅप. हेडिंग चौकटीत घालता येतं, समासात लटकवता येतं, मजकूर त्याच्याभोवती गुंडाळता येतो. वर-खाली रेघा मारता येतात. मी एका रात्री प्रकरणाच्या नावाला वर जाड आणि खाली बारीक रेघ मारली, क्रमांक उजवीकडे राखाडी रंगात मोठा केला, आणि ते पान अर्धा तास नुसतं बघत बसलो. कुठल्याही विद्यापीठाला हे चालणार नव्हतं. पण पान देखणं होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन. त्या प्रकरणात तेव्हा दोनच परिच्छेद लिहून झाले होते.

बायको चहा घेऊन आली तेव्हा खालच्या खिडकीत लॅटेकचा अहवाल सरकत होता. तिने एक ओळ वाचली. "बॅडनेस दहा हजार? हे कितीपैकी?"

"दहा हजारपैकी."

ती चहा ठेवून गेली. खरंच त्याहून वाईट काही नसतं. टेकच्या हिशोबात १०००० हे वाईटपणाचं टोक आहे. आणि एवढं होऊनही ते पान छापून देतं, हा त्याचा मोठेपणा.

टायटलसेकच्या निमित्ताने एक कोडं मात्र सुटलं. 'हे काढू नका' या ओळीखालचं ते ठिगळ. २०१६ साली या पॅकेजची एक आवृत्ती अशी निघाली की तिच्यात विभागांचे क्रमांकच छापले जात नसत. नाव यायचं, क्रमांक गायब. लगेचच्या दुरुस्तीत ते नीट झालं. पण त्या मधल्या काळात आमच्या परंपरेतला कुणीतरी बिचारा प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर असणार. त्याने ठिगळ लावलं, पदवी घेतली आणि नोकरीला लागला. आजार गेला, काढा चालू राहिला. मी ते ठिगळ काढून बघितलं. काही झालं नाही. तरी परत घातलं.

मग आलं कॅपिटलचं कलम. प्रकरणाचं नाव सगळं कॅपिटलात हवं, म्हणून 'मेकअपरकेस' ही आज्ञा लावली. चौथ्या प्रकरणाच्या नावात छोटा एन होता. संख्याशास्त्रात छोटा एन म्हणजे नमुन्यातली संख्या आणि मोठा एन म्हणजे सबंध समष्टीतली. नमुन्यावरून समष्टीबद्दल चार शब्द बोलता यावेत म्हणून आमच्या विषयातल्या लोकांनी शंभर वर्षं घासली आहेत. लॅटेकने ते एका आज्ञेत केलं. नावातली बाकीची अक्षरं मोठी करता करता सूत्रातला छोटा एनही मोठा करून टाकला. सरांचा फोन.

"तुम्ही सोलापुरातले सगळे माग मोजलेत?"

"नाही सर."

"मग हेडिंग तसं का म्हणतंय?"

सूत्रांना हात न लावता बाकीची अक्षरं मोठी करणारं 'टेक्स्टकेस' नावाचं पॅकेज आहे, ते लावलं. २०२२ पासून लॅटेक स्वतःच सूत्रांना वगळतं, पण माझ्याकडचं लॅटेक क्लास फाइलीच्याच परंपरेतून पेनड्राइव्हवर आलेलं, म्हणजे जुनं. सरांनी पुढे चौथं प्रकरण वाचलं की नाही कळलं नाही. एन मात्र त्यांनी पकडला, हे मान्य करायला हवं.

इथवरचं सगळं घरगुती. खरी परीक्षा विद्यापीठाच्या त्या टेबलापाशी होती, जिथे प्रबंधाचा 'फॉरमॅट' तपासला जातो. तिथले भाऊसाहेब म्हणजे आपल्या कामात पक्का माणूस. टेबलावर स्टीलची पट्टी, भिंग, आणि प्लॅस्टिकचा एक पारदर्शक कागद. त्या कागदावर वर्डमध्ये छापलेल्या ओळी : १२ पॉइंट ठळक, १४ पॉइंट ठळक, १६ पॉइंट ठळक. विद्यार्थी स्वतःचंच एखादं हेडिंग वर्डमध्ये टाइप करून त्या कागदाच्या प्रतीवर छापून आणतो आणि भाऊसाहेब तो आपल्या हेडिंगावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरतात. माझं विभागाचं हेडिंग त्यांनी असंच धरलं. डावीकडची कड जुळली. उजवीकडे माझं हेडिंग बाहेर डोकावत होतं.

"हे १४ नाही."

"१४ च आहे भाऊसाहेब, 'लार्ज' केलंय."

"तुम्ही काय केलंय ते मला माहीत नाही. हे बाहेर येतंय."

येणारच. १२ पॉइंटच्या प्रबंधात लॅटेकचं 'लार्ज' म्हणजे १४.४ पॉइंट. प्रत्येक पायरी आधीच्या १.२ पट : १२, १४.४, १७.२८, २०.७४, २४.८८. क्नूथ यांच्यापासून चालत आलेली ही भूमितीय श्रेढी, आणि विद्यार्थ्यांना श्रेढी शिकवायला यापेक्षा सुबक उदाहरण नाही. उंचीत पाहिलं तर ०.४ पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा सातवा हिस्सा, माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही. पण दहा सेंटिमीटर लांबीच्या हेडिंगात तो फरक जमत जमत तीन मिलिमीटरला जातो. भाऊसाहेबांनी श्रेढी न शिकता ती पकडली होती. घरी येऊन 'फॉन्टसाइझ' आज्ञेत १४ आणि १७ असे आकडे घातले, म्हणजे १४ पॉइंटची अक्षरं आणि १७ पॉइंटची ओळ. पुढच्या खेपेला दोन्ही कडा जुळल्या. भाऊसाहेबांनी तरीही भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे वर्डचं वाटत नाही. वर्डचं जरा भरदार येतं."

मग त्यांनी प्रकरणाचं पहिलं पान काढलं. सीनियरच्या फाइलीतून आलेलं प्रकरणाचं नाव डावीकडे होतं. ते म्हणाले, "हेडिंग सेंटरला घ्या."

हे ऐकून मला आनंद झाला, कारण लॅटेकचं सगळं वैभव दाखवायची हीच संधी होती. बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. टायटलफॉरमॅटच्या एका रकान्यातला एक शब्द काढून तिथे 'सेंटरिंग' घातलं. सातही प्रकरणांची नावं एका झटक्यात मध्यभागी. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं आणि चहा पिऊन परत टेबलापाशी.

"सगळी झाली?"

"सगळी."

"एवढ्यात?" त्यांनी पानं उलटली. "कालच एक मॅडम याच कामाला आठ दिवसांची मुदत मागून गेल्यात. तुम्ही नीट करून आणा. घाई करू नका."

"नीटच आहे भाऊसाहेब, बघा ना."

भाऊसाहेबांनी पट्टी घेतली नाही. त्यांनी पहिल्या प्रकरणाचं पान उचललं, डावी कड उजव्या कडेला जुळवली, आणि मधोमध नखाने दाबून घडी घातली. उघडलं. घडीची रेघ हेडिंगाच्या मध्यावरून न जाता बरीच डावीकडून गेली होती.

"हे सेंटर?"

माझ्या डोक्यात लगेच आकडे मांडले गेले. डावा समास दीड इंच, उजवा एक. लॅटेक मध्य काढतं तो मजकुराच्या रुंदीचा, कागदाचा नव्हे. दोन्हींत फरक पाव इंचाचा. मी हे भाऊसाहेबांना समजावून सांगितलं, मागच्या कोऱ्या पानावर आकृतीही काढली. ते शांतपणे म्हणाले, "सर, सेंटर म्हणजे सेंटर." आणि आकृती काढल्यामुळे ते पान बदलून आणायला सांगितलं.

घरी आल्यावर मी प्रत्येक प्रकरणाच्या नावाला पाव इंच डावीकडे ओढणारी एक आज्ञा घातली. घडी घालून पाहिलं. रेघ बरोबर मध्यातून. समाधानाने सरांना पाठवलं. रात्री फोन.

"हेडिंग वाकडं का झालंय?"

"वाकडं नाही सर, ते कागदाच्या मध्यावर आहे."

"खालचा मजकूर एकीकडे, हेडिंग दुसरीकडे. मला डोळे आहेत. सरळ करा."

म्हणजे सरांना डोळे होते आणि भाऊसाहेबांना घडी होती, आणि दोघांच्या मध्ये पाव इंच होतं. दोघांचीही सही लागणार होती. त्या दिवसांत मी झोपेतही 'सेंटरिंग' बडबडायचो, असं बायको सांगते. नवी पेठेतल्या डीटीपीवाल्याकडे, जिथे पुढे बाइंडिंग करायचं होतं, सहज डोकावलो तर तो म्हणाला, "सर, अजून तेच करलालाव? वर्डमध्ये द्या की. पेज सिलेक्ट करून माउसने ओढून देतो." त्याला मी श्रेढीपासून सुरुवात केली. त्याने मध्येच दुसऱ्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका उघडली.

हा गुंता सोडवला अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे सासरे. मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात कंपोझिटर म्हणून काढली. खिळे जुळवायचे, केसमधून अक्षर उचलायचं, स्टिकमध्ये उलटं भरायचं. मराठी, कन्नड आणि तेलुगू, तिन्ही लिप्यांतल्या पत्रिका त्यांच्या हातून गेल्या. यांतली तेलुगू त्यांना वाचता येत नसे, पण उलटी जुळवता येई. गड्ड्याच्या यात्रेतल्या सर्कशीच्या भिंतीवर लावायच्या जाहिरातींना शिशाचे खिळे पुरत नसत, तेव्हा मोठे लाकडी खिळे वापरायचे, ते त्यांच्या खास ताब्यात असत. त्यांना मी लॅटेक दाखवलं तेव्हा त्यांनी आकड्यांकडे बघून मान डोलावली होती. "बारा पॉइंटाचा एम, सहा एमचा इंच. पण पुरता भरत नाही हां, किंचित कमी पडतो. आम्ही कागदाची चिठ्ठी घालायचो."

लॅटेकचा इंच ७२.२७ पॉइंटांचा असतो. सहा एम म्हणजे ७२. हा ०.२७ चा फरक मला पुस्तकातून कळला होता, अण्णांना चिमटीतून.

त्या संध्याकाळी मी तक्रार सांगितली तेव्हा ते शेंगा सोलत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, डावीकडे दीड इंच कशाला सोडायला सांगितलंय?"

"नियम आहे."

"नियम आहे, पण कशाला?"

मी गप्प.

"शिलाईला. बाइंडर बाजूने टाचून शिवतो, त्यात अर्धा इंच जातो. उरला किती?"

"एक."

"आणि उजवीकडे?"

"एक."

"मग आता मध्य कुठे आला?" शेंगेचं टरफल बाजूला टाकत त्यांनी विचारलं. "तुमचं मशीन बरोबर सांगतंय. तुमचे सरही बरोबर बोलले. ते क्लार्कपण बरोबर बोलले. तुम्ही न शिवलेला कागद दाखवलात, हे सगळं भांडण त्याचं. आधी बांधून न्या."

मी पाव इंच ओढणारी आज्ञा काढली. काढताना तिच्यापुढे टक्क्याचं चिन्ह घालून 'हे परत घालू नका' असं लिहिलं, कारण माझ्यामागून येणाऱ्यालाही काहीतरी वारसा हवा. लॅटेक दोनदा चालवलं, अनुक्रमणिकेतले पानांचे क्रमांक जुळावेत म्हणून. नवी पेठेत प्रत बांधायला टाकली. डीटीपीवाल्याने काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं ठोकताना माझ्या प्रबंधाचं नाव तीन ओळींत तोडलं, मधली ओळ मोठी केली, आणि त्याच्या चार बाजूंना वेलबुट्टी टाकली. "सेंटरला घेतलंय सर, बघा. बरं दिसतंय." कुठल्याही पॅकेजशिवाय.

पहाटेची गाडी, कडक भाकरी, तेच टेबल. भाऊसाहेबांनी प्रत हातात घेतली, कव्हरवर अंगठा फिरवला आणि वेलबुट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. माहितीपत्रकात वेलबुट्टीचं कलमच नाही. मग त्यांनी पहिलं प्रकरण उघडलं. पान मोकळं नव्हतं, शिवलेलं होतं. क्षणभर ते विचारात पडले. मग उजवी कड धरून ती आत, शिलाईपर्यंत नेली, आणि नखाने दाबली. पान उघडलं. घडीची रेघ हेडिंगाच्या बरोबर मधून, दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेतून गेली होती.

"आता झालं सेंटर," भाऊसाहेब म्हणाले. "बघा, वेळ दिला की काम नीट होतं."

मी हो म्हटलं. त्यांनी मागची पानं चाळली, एक आलेख उलटा-सुलटा करून पाहिला, आणि पहिल्यांदाच मजकुरात शिरले. "हे धागे तुटतात म्हणजे कशाचे?"

"यंत्रमागावरचे. चादरीचे."

"सोलापूरची चादर टिकते हो," ते जरा दुखावल्या स्वरात म्हणाले. "आमच्याकडे लग्नातली आहे अजून."

मग ड्रॉवरमधून पेटी काढली, शिक्का तिच्यावर दाबला, आणि पहिल्या प्रकरणाच्या हेडिंगावरच मारला. तिरका, आणि बराचसा डावीकडे.